सह्याद्रीच्या ओढ्यातली मेफ्लाय: जाळीपासून नावापर्यंत

पावसाचा जोर ओसरला की साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून सह्याद्रीतले ओढे निवळू लागतात. गढूळपणा जातो, धार मंदावते आणि गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर पुन्हा धरतो. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या नाजूक कीटकाचा अभ्यास सुरू करायचा असेल तर हा सगळ्यात चांगला काळ. जानेवारीपर्यंत बरेच ओढे वाहते असतात. त्यानंतर अनेकांचे सुटे डोह उरतात आणि लहान वहाळ, पऱ्हे मार्चच्या आसपास कोरडे पडतात. जुलै-ऑगस्टच्या लोंढ्यात ओढ्यात उतरणं धोक्याचं आहेच, शिवाय तेव्हा फारसं काही हातीही लागत नाही. निम्फ, म्हणजे मेफ्लायची पाण्यात राहणारी बिनपंखी पिल्लं, खडीच्या खालच्या थरात शिरलेले असतात किंवा वाहून गेलेले असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘अमुक ओढ्यात मेफ्लाय सापडली’ या नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. ओढा म्हणजे एकच अधिवास नव्हे. वीस पावलांच्या अंतरात खळाळ असतो, संथ काठ असतो, पाचोळ्याचा ढीग असतो, वाळूचा पट्टा असतो, डोह असतो, आणि प्रत्येक जागी वेगळी कुळं राहतात. सगळ्यांचा माल एका बाटलीत गेला की ही माहिती कायमची हरवते. मागाहून सूक्ष्मदर्शक कितीही चांगला वापरला तरी ती परत मिळत नाही.

मेफ्लायचं बहुतेक सारं आयुष्य पाण्यातच जातं. निम्फ कात टाकत वाढतो. शेवटी पाण्याबाहेर येऊन पंख फुटतात, पण ती अजून प्रौढ नसते. दुधट, अपारदर्शक पंखांची ही अवस्था म्हणजे सबइमॅगो. ती काही तासांनी पुन्हा कात टाकते आणि मग काचेसारख्या पंखांचा प्रौढ कीटक बाहेर येतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा दुसरा गण आज अस्तित्वात नाही. प्रौढाला खाता येत नाही, त्याच्या तोंडाचे अवयव झिजलेले असतात. बहुतेकांना काही तास, फार तर दोन-तीन दिवस मिळतात, तेवढ्यात मीलन आणि अंडी घालणं उरकायचं. आपल्याकडे पाणी वर्षभर उबदार असल्याने एकाच वेळी एकाच जातीचे लहानमोठे निम्फ सोबत सापडतात. त्यामुळे युरोपातल्या नद्यांसारखा ‘अमुक महिन्यात अमुक जात बाहेर पडते’ असा ठाम हंगाम इथे मांडायला जाऊ नये.

हीच मेफ्लाय कशावरून?

ट्रेमध्ये मेफ्लायचे निम्फ, स्टोनफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाची पिल्लं आणि टाचण्यांची (चतुरासारख्या बारीक कीटकांची) पिल्लं एकत्र येतात. शेपट्या मोजून (मेफ्लायला बहुधा तीन, स्टोनफ्लायला दोन) ओळखायची सवय लागली की फसायला होतं, कारण शेपट्या सर्वांत आधी तुटतात. शिवाय एपिओरससारख्या मेफ्लायला मुळातच दोन शेपट्या असतात. दहापट भिंगातून पायाचं टोक बघा. मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते, स्टोनफ्लायला दोन. मग पोटाच्या कडा बघा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या पहिल्या सात खंडांवर, किंवा त्यांतल्या काहींवर, बाजूला किंवा पाठीवर असतात. आपल्याकडच्या ओढ्यांत नेहमी भेटणाऱ्या निओपेर्ला या स्टोनफ्लायचे कल्ले छातीवर, पायांच्या बुडाशी झुबक्यांसारखे असतात. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन पानांसारखे कल्ले असतात आणि डोक्याखाली दुमडलेला पकडीचा ओठ असतो. तो दिसला की शंका उरत नाही.

कोण कुठे राहतं

खळाळात, जिथे पाणी काळ्या कातळावरून किंवा मोठ्या गोट्यांवरून वेगाने जातं, तिथे हेप्टाजेनिडी कुळातले चपटे निम्फ असतात. डोकं ताटलीसारखं, डोळे वरच्या बाजूला, मांड्या रुंद. दगड उचलून उलटा केला की ते तिरके पळत सावलीच्या बाजूला जातात. एपिओरस अगदी वेगवान धारेत राहतो आणि त्याच्या काही जातींत कल्ले पोटाखाली पसरून दगडाला चिकटून राहायला मदत करतात. ॲफ्रोन्युरस आणि थॅलेरोस्फायरस थोड्या संथ पाण्यातही मिळतात. त्याच दगडांच्या वरच्या बाजूला बीटिडी कुळातले लहान, निमुळते, माशासारखे झटके देत पोहणारे निम्फ असतात. पाण्याबाहेर डोकं काढलेले धोंडे वगळू नका. बीटिसच्या माद्या पंख मिटून अशा धोंड्यांवरून चालत पाण्याखाली उतरतात आणि दगडाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे चपटे थर घालतात. असे धोंडे नसलेल्या पट्ट्यात त्यांची संख्या कमी दिसली तर लगेच प्रदूषणाला दोष देऊ नये.

पाचोळा अडकलेल्या जागी आणि सैल रचलेल्या गोट्यांखाली लेप्टोफ्लेबिडी असतात. त्यांचे कल्ले दुभंगलेले, काहींचे टोकाशी दोऱ्यासारखे, आणि शेपट्या एकमेकींपासून फाकलेल्या. कोरोटर्पीस हा यातला सर्वांत सहज भेटणारा. पश्चिम घाटातून वर्णन झालेल्या पीटरसुला, इंडियालिस, नॅथनेला या प्रजातीही (प्रजात म्हणजे जवळच्या जातींचा गट) याच कुळातल्या. त्यामुळे दक्षिणेकडे, आंबोलीच्या पुढे आणि गोव्याच्या म्हादई-नेत्रावळीच्या जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत हे कुळ जास्त निगुतीने बघावं. काठच्या झाडांची बारीक मुळं पाण्यात लोंबतात, तिथे आणि पाण्यातल्या शेवाळी-मॉसमध्ये टेलोगॅनोडिडी मिळतात. हे कुळ युरोप-अमेरिकेत नसल्यामुळे तिथल्या ओळखतक्त्यांत ते सापडणार नाही. त्या तक्त्यांवर विसंबलेला माणूस त्यांना हमखास दुसऱ्याच कुळात टाकतो.

बारीक गाळ बसलेल्या काठाला सीनिडी. हे जेमतेम तीन-पाच मिलिमीटरचे, गाळाच्याच रंगाचे. ट्रेमध्ये दोन मिनिटं शांत बसून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. दुसऱ्या खंडावरचे कल्ले चौकोनी झाकणासारखे असून मागचे नाजूक कल्ले त्यांच्याखाली झाकलेले असतात, म्हणून गाळात त्यांचा श्वास गुदमरत नाही. वाळू आणि बारीक खडीत बिळं करणारा इफेमेरा. त्याच्या डोक्यापुढे दोन सुळे येतात आणि पिसांसारखे कल्ले पाठीवर हलत राहतात. डोहातल्या वनस्पतींत, तळ्यांत, भातखाचरांतसुद्धा क्लिऑन. त्याची मादी अंडी पोटात बाळगते आणि पाण्यात सोडल्यावर ती थोड्याच वेळात फुटतात. प्रोसोपिस्टोमा मिळाला तर तो मेफ्लाय आहे हे प्रथम पटतच नाही. सगळं शरीर गोल ढालीखाली दडलेलं असतं. युरोपात या प्रजातीची पहिली नोंद कवचधारी प्राणी म्हणूनच झाली होती.

जाळी, ट्रे आणि बाटल्या

जाळीचं छिद्र ०.५ मिलिमीटर असावं. नायलॉनचं बोल्टिंग क्लॉथ कापून इंग्रजी ‘डी’ आकाराच्या लोखंडी चौकटीवर शिवून घेता येतं. सपाट बाजू तळाला टेकली पाहिजे, गोल चौकटीच्या खालून निम्फ निसटतात. पिशवी निदान ४० सेंटिमीटर खोल ठेवा. अगदी लहान निम्फ हवे असतील तर ०.२५ मिलिमीटरचं कापड घ्यावं लागतं, पण ते गाळाने पटकन तुंबतं. तुंबलेल्या जाळीपुढे पाणी फुगतं, बाजूने वळतं आणि निम्फ त्याच्याबरोबर निघून जातात. जाळीच्या तोंडाशी पाणी उलट फिरताना दिसलं की थांबून ती धुऊन घ्यायची.

नेहमी खालच्या बाजूने सुरू करून वर चढत जावं. उलट केलं तर तुमच्याच पायांनी उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येतो. जाळी आधी दगडाच्या खालच्या अंगाला टेकवायची, मगच दगड उचलायचा. खळाळात जाळीपुढचा सुमारे एक फूट लांब-रुंद तळ टाचेने अर्धा मिनिट ढवळायचा. असे सहा वेगवेगळे तुकडे घेतले की तीन मिनिटं होतात आणि एकूण श्रम दर वेळी सारखे राहतात. दर चौरस मीटर संख्या हवी असेल तर ३० × ३० सेंटिमीटरची सर्बर चौकट (मागे जाळी लावलेली) वापरा. एका अधिवासात निदान तीन ठिकाणी, जमल्यास पाच. मात्र ही चौकट गुडघाभर पाण्यापलीकडे किंवा सलग कातळावर चालत नाही. कातळावर मऊ ब्रशने घासून खाली जाळी धरणं हाच मार्ग.

प्रत्येक अधिवासाला वेगळा ट्रे, वेगळी बाटली, वेगळा क्रमांक. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी एक-दोन सेंटिमीटरच ठेवा. निवड शक्यतो ओढ्याकाठीच, निम्फ जिवंत असताना करा. हलणारा निम्फ लगेच दिसतो, मेलेला पाचोळ्यात मिसळून जातो. चिमट्याने पकडू नका. कल्ले आणि पाय गळतात आणि नेमके तेच ओळखीला लागतात. चित्रकलेचा शून्य नंबरचा ओला ब्रश किंवा टोक तिरकं कापलेलं प्लॅस्टिकचं ड्रॉपर पुरतं. मोठी स्टोनफ्लाय आणि चतुरांची पिल्लं ताबडतोब वेगळी काढा, नाहीतर ती ट्रेमधलाच माल खातात.

अंगरचना बघण्यासाठी ७० ते ८० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्के किंवा अधिक. निम्फच्या अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं, म्हणून २४ तासांनी ते एकदा बदलायचंच. न बदललेल्या बाटलीतले नमुने काही आठवड्यांत मऊ पडून रंग सोडतात. बाटलीचा तिसरा भागच नमुन्यांनी भरा. पण द्रव मात्र काठोकाठ भरा, कारण हवेचा बुडबुडा राहिला की घाटाच्या रस्त्यावर तो मागेपुढे होत शेपट्या आणि कल्ले तोडून टाकतो. इथेनॉलवर अबकारी नियम असल्याने ते महाविद्यालय किंवा संस्थेमार्फत घ्यावं लागतं. एकट्याने काम करणाऱ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळतं. त्याने नमुने कडक होतात, तरी कुळापर्यंतच्या ओळखीला अडचण येत नाही. फॉर्मेलिन टाळा, त्याने डीएनए खराब होतो.

चिठ्ठी बाटलीच्या आत हवी, जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेन आणि इंकजेटची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, ओढा, अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार अंकांपर्यंत, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक, नेमका अधिवास आणि गोळा करणाऱ्याचं नाव. महिना रोमन अंकात लिहायची कीटकशास्त्रातली रीत चांगली आहे, त्यामुळे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही.

निम्फचं नाव प्रौढाकडून

इथे खरी अडचण सुरू होते. आपल्याकडच्या कित्येक जातींचं वर्णन फक्त प्रौढ नरावरून झालेलं आहे, काहींचं फक्त निम्फवरून. दोघांची जोडी जुळवली नाही तर एकाच जातीला दोन नावं पडण्याचा धोका राहतो. म्हणून निम्फ वाढवून प्रौढ मिळवणं हे या कामातलं सर्वांत मोलाचं पाऊल आहे, आणि त्याला महागडं काही लागत नाही.

पंखकोश काळे पडलेले निम्फ निवडा. एक-दोन दिवसांत बाहेर पडणार असल्याची ती खूण आहे. ज्यांचे पंखकोश अजून फिकट आहेत ते घरी आणून फायदा नाही. विशेषतः खळाळातल्या काही हेप्टाजेनिडींना आणि बीटिडींना कल्ले हलवून आपल्याभोवती पाणी फिरवता येत नाही, त्यांना धारच लागते. स्थिर पाण्यात हवेचा पंप लावूनही ते मरतात. त्यांच्यासाठी पिंजरा ओढ्यातच बांधावा. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीला चार बाजूंनी खिडक्या कापून जाळी चिकटवायची, आत खरबरीत काडी किंवा दगड ठेवायचा, वरचा तिसरा भाग पाण्याबाहेर राहील अशी ती सावलीत दोरीने बांधायची. एका बाटलीत एकच निम्फ. दोन ठेवले की कोणती कात कोणाची हे सांगता येत नाही. लेप्टोफ्लेबिडी, सीनिडी आणि क्लिऑन घरी टिकतात. पाणी ओढ्याचंच घ्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. खायला शेवाळ धरलेला दगड किंवा कुजकी पानं.

सबइमॅगो बाहेर आली की घाईने अल्कोहोलमध्ये टाकायची नाही. जातीची ओळख बहुधा प्रौढ नराच्या जननांगांवरून होते आणि सबइमॅगोत ती पूर्ण घडलेली नसतात. तिला हात न लावता कागदी डबीत चढू द्या. डबीत टिश्यूचा किंचित ओलसर तुकडा ठेवा. फार कोरडं झालं तर कात अर्ध्यावर अडकून पंख चुरगळतात, आणि भिंतीवर पाण्याचे थेंब साचले तर पंख चिकटून बसतात. बहुतेकांची कात दुसऱ्या दिवसापर्यंत पडते. त्यानंतर आणखी काही तास थांबून डोळ्यांचे आणि अंगाचे रंग पक्के होऊ द्या. निम्फची कात, सबइमॅगोची कात आणि प्रौढ, तिन्ही एकाच बाटलीत एकाच क्रमांकाने जातात. यातलं एक जरी वेगळं ठेवलं तरी वाढवण्याचे कष्ट वाया गेले समजा.

उडते प्रौढ मिळवायचे तर सूर्यास्तापासून पहिले दोन तास पांढरा पडदा आणि अतिनील दिवा लावावा. भर चांदण्यात फारसं येत नाही. ओढ्याजवळून डांबरी रस्ता जात असेल तर तोही बघा. डांबरावरून परावर्तित होणारा आडवा ध्रुवीकृत प्रकाश पाण्यासारखा भासतो आणि माद्या तिथे अंडी घालतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं होतं.

बीटिडीच्या बाबतीत एक सावधानता. फोटोवरून जात ठरवायचा मोह आवरा. वरचा ओठ, जबडे, खालच्या ओठाच्या स्पर्शिका, पायांवरचे काटे हे सगळं काढून काचपट्टीवर बसवल्याशिवाय प्रजातसुद्धा नक्की होत नाही. तात्पुरतं बघायला ग्लिसरीन चालतं, कायमच्या पट्टीला युपॅरल. डीएनए बारकोडसाठी, म्हणजे जनुकावरून जात ओळखण्यासाठी, सीओआय जनुकाचा तुकडा एका पायातून मिळतो, बाकीचा नमुना शाबूत राहतो.

पाण्याच्या नोंदी आणि त्यांचा अर्थ

मोजमापं ओढ्यात उतरण्याआधी घ्या. तापमान, पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. सावली तोडल्यावर खळाळातल्या जाती का जातात याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शेवाळाने भरलेल्या डोहात दुपारचा आकडा फसवा येतो. तिथे खरा कस पहाटे लागतो, कारण रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरतं. प्रवाहाचा वेग मोजायला यंत्र नसेल तर पाच मीटरच्या सरळ पट्ट्यात संत्रं सोडा, वेळ मोजा आणि पृष्ठभागाचा जो वेग येईल त्याला ०.८५ ने गुणा. तळ लिहिताना ‘दगडगोटे’ असं मोघम लिहू नका. आडवंतिडवं चालत शंभर दगड उचलून प्रत्येकाची मधली (ना सर्वांत लांब, ना सर्वांत आखूड) बाजू मोजा. २ मिलिमीटरखाली वाळू, २ ते ६४ खडी, ६४ ते २५६ गोटे, त्यावर धोंडे. पुढच्या वर्षी गाळ वाढला की नाही हे फक्त याच आकड्यांवरून सिद्ध होतं.

ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत प्रदूषण न सोसणाऱ्या कुळांना जास्त गुण मिळतात; हेप्टाजेनिडी आणि लेप्टोफ्लेबिडीला १०, सीनिडीला ७ आणि बीटिडीला ४ गुण आहेत. पद्धत सोपी आहे, शाळा-महाविद्यालयांनी जरूर वापरावी. पण ती ब्रिटनच्या नद्यांसाठी बेतलेली आहे. माझं स्पष्ट मत असं की इथे एकूण गुणांपेक्षा कुळांची अदलाबदल जास्त बोलते. हेप्टाजेनिडी कमी होऊन सीनिडी वाढल्या तर गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्यात. वर उकरलेला रस्ता, वाळूउपसा किंवा दक्षिणेत खाणीची लाल माती, काहीतरी आहे. नुसते बीटिडी आणि कायरोनोमिड या डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या उरल्या तर सांडपाणी शोधा.

दोन गोष्टी आपल्या भागाच्या खास आहेत. पाऊस संपल्यावर गावोगाव वाळूच्या गोण्यांचे वनराई बंधारे घातले जातात. त्यांची गरज खरीच आहे. पण फुगवट्याखाली गेलेला खळाळ काही आठवड्यांत डोह होतो आणि तिथे क्लिऑन-सीनिडी येतात. तुलनेसाठीचा नमुना फुगवट्याच्या वरून आणि बंधाऱ्याच्या पुरेसा खालून घ्या, आणि बंधारा कधी घातला ते नोंदवा. दुसरी गोष्ट कोकणातल्या आंब्याची. मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड आणि पायरेथ्रॉइड गटातली औषधं फवारली जातात, तेही वहाळांचं पाणी आटत चाललेलं असताना. इमिडाक्लोप्रिडला सर्वाधिक संवेदनशील असलेल्या पाणकीटकांत मेफ्लाय येते. त्याचे पंप वहाळात धुतले की पाण्याचा रंग, वास, पीएच काहीच बदलत नाही, मासेही दिसतात, पण दगडाखाली मेफ्लाय नसते. म्हणून बागांच्या पट्ट्यात फवारणीच्या तारखा बागायतदारांना विचारून वहीत लिहाव्यात आणि नमुने आधी आणि नंतर दोन्ही वेळा घ्यावेत.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात कीटक गोळा करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. देवराईतल्या ओढ्यावर गावकऱ्यांना विचारूनच उतरावं. तिथे सावली टिकलेली असल्यामुळे आसपासच्या ओढ्यांशी तुलना करायला त्याहून चांगली जागा मिळत नाही. एका जागी एका जातीचे दहा-वीस नमुने अभ्यासाला पुरतात, उरलेला ट्रे जिथून भरला तिथेच परत ओतावा. ओळख पटलेले नमुने, विशेषतः निम्फ-प्रौढ जोड्या, घरच्या कपाटात न ठेवता भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या आकुर्डीच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या अधिकृत संग्रहात जमा कराव्यात. तिथला नोंदणी क्रमांक आपल्या वहीत त्याच अधिवासाच्या ओळीपुढे लिहून ठेवावा.